पत्र्याच्या खोलीतले तीन ठोके

ही गोष्ट खरी आहे.

अशी सुरुवात सगळेच करतात, मला ठाऊक आहे. "काहीही फेकतो" असं म्हणणारेही तयारच असतात. म्हणा बापडे. मी एवढंच सांगतो, की ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा आहेत, अजून हयात आहेत, आणि आयुष्यात ते खोटं बोलले असतील तर फक्त मरियममामीशी, चहात साखर किती घातली याबद्दल.

आणखी एक. या गोष्टीत अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. डोक्यावर ऊन असताना.

साल १९७३. मे महिना. नगरच्या बाहेर, दौंड रस्त्याच्या बाजूचा एक उघडाबोडका माळ.

ज्यांनी तो उन्हाळा पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस नव्हता. विहिरीच्या तळाशी बाया उतरायच्या आणि वाटीनं पाणी भरून हंडे वर द्यायच्या. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिची लाल भाकरी गिळायची. शेतकरी, शेतमजूर, सुतार, सोनार, सगळे एकाच ओळीत बसून सरकारी कामावर खडी फोडत होते.

आणि अशा वर्षी आमच्या एलियामामांना नोकरी लागली.

मामा वायरलेसचं काम शिकलेले. मिशनच्या शाळेत शिक्षण, नंतर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी. हात सफाईदार. घरी मामी, म्हातारे आईवडील, दोन बहिणी. त्यातली एक माझी आई. सहा तोंडं आणि पगार एक. तोही हंगामी. काम पसंत पडलं तर कायम करू, असं तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

त्या जागेचं नाव मी घेणार नाही. आता ती नाहीही. माळावर एक लांबलचक पत्र्याची शेड होती आणि शेडच्या आत एक खोली होती.

तीही पत्र्याची.

तिचं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेडिओ, वायरलेस हे सगळं लाटांवर चालतं. लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, पण भिंतीतून, दारातून, माणसातूनही आरपार जातात. नको त्या लाटा यंत्रात घुसल्या की यंत्र बिघडतं. म्हणून ते धातूच्या पेटीत ठेवायचं. पण कुठल्या धातूच्या? किती जाडीच्या? कोणता पत्रा किती लाट अडवतो?

ते मोजायला ती खोली होती.

सहा फूट बाय सहा फूट. लाकडी सांगाडा, त्याला आतून पत्रा, बाहेरून पत्रा, मधे भुसा ठासलेला. प्रत्येक सांध्यावर डाख, म्हणजे कथील वितळवून केलेलं झाळकाम. एका भिंतीला हातभर खिडकी, त्या खिडकीत मोजायचा पत्रा घट्ट बसवायचा. बाहेर लाटा सोडणारं यंत्र. आत रिसिव्हर, सूर किती ते दाखवणारा त्याचा काटा, आणि रिसिव्हरसमोर कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस. पत्रा नसताना सूर किती, पत्रा बसवल्यावर किती. जेवढा सूर उतरला तेवढा पत्रा चांगला.

पहिल्या दिवशी साहेबांनी मामांना गंमत दाखवली होती. चालू ट्रान्झिस्टर घेऊन आत जायला सांगितलं. पुणे केंद्र लागलं होतं, कुणीतरी छान गात होतं. दार लागलं...

गाणं गेलं. खरखरसुद्धा नाही.

मामा सांगतात, तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कधी आलं नाही.

कारण त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीचं भोक पाडलं तर तिथून लाट आत येणार. म्हणून दार बाहेरून लावायचं आणि चारही बाजूंनी क्लॅम्प आवळायचे. आत घंटीही नव्हती, कारण तार नेली की तारेवरून लाट आत येणार. हवेसाठी ठेवलेलं भोकसुद्धा पुढे पत्र्यानं बुजवलेलं. अर्ध्या तासापेक्षा जास्त कुणी आत बसायचं नाही, असं ठरलेलं होतं.

मग आतल्या माणसानं बाहेर सांगायचं कसं?

तर लाकडी हातोडीनं. भिंतीवर एक ठोका म्हणजे बसलो, सुरू करा. दोन ठोके म्हणजे मोजून झालं, पत्रा बदला.

तीन ठोके म्हणजे दार उघडा.

आणि एक नियम. आत जाणाऱ्यानं चपला दाराबाहेर काढायच्या. बाहेर चपला दिसल्या की आत माणूस आहे. चपला नसतील तर खोली रिकामी. मग संध्याकाळी क्लॅम्प आवळून टाकायचे, म्हणजे दाराच्या पितळी पट्टीवर धूळ बसत नाही.

साधा, सोपा नियम. साहेबांना त्याचा मोठा अभिमान होता.

शेडवर माणसं तीनच. तासगावकर साहेब, मामा, आणि कारभारी नावाचा म्हातारा राखणदार. कारभारी गेट सांभाळायचा आणि गरज पडली की क्लॅम्प आवळायला यायचा.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी दोनचा सुमार. शेडचा पत्रा तापून वर बघवत नव्हतं. मामा आत बसले. खिडकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावला होता. कानातला सूर उतरत गेला, उतरत गेला आणि बंद पडला. एवढी शांतता की मामांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि त्या शांततेत...

ठक्. ठक्.

मग जरा थांबून...

ठक्.

मामांना वाटलं, बाहेरून कुणी ठोकतंय. त्यांनी हेडफोन काढला.

काही नाही.

परत लावला.

ठक्. ठक्... ठक्.

ठोके भिंतीवर नव्हते. हेडफोनात होते.

मामांनी हातोडी उचलून तीनदा भिंतीवर मारली. क्लॅम्प सुटले, दार उघडलं, उजेडात कारभारी उभा.

"बाबा, तुम्ही ठोकत होता?"

"म्या कशाला ठोकू? म्या तर हितं तमाकू मळत हुतो."

मामा परत आत वाकले. हेडफोन एका कानाला लावून ऐकलं. दार उघडं होतं.

ठोके थांबले होते.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशीही. दार लागलं, सूर बुडाला, की थोड्या वेळानं ठक्, ठक्... आणि तो मागून येणारा तिसरा. दार उघडलं की बंद. मामीनं खिशात बायबलमधला छोटा नवा करार ठेवून दिला. मामा आत बसून तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणायचे. ठोके त्याच्यावरूनही यायचे.

भुताखेतांवर मामांचा विश्वास नव्हता. त्यांना भीती वाटत होती ती वेगळीच. ठोके म्हणजे गळती. कुठेतरी सांधा उघडा आहे, बाहेरचं काहीतरी आत येतंय. खोली गळकी निघाली तर दोष खोली सांभाळणाऱ्याचा. आणि महिनाअखेरीला दिल्लीहून लोक खोली तपासायला येणार होते. ती पास झाली तरच मामा कायम. नाहीतर घरी. घरी म्हणजे खडीवर.

त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "डाख तपासा."

"आधीचा डाख कुणी मारलाय साहेब? काम तर चोख दिसतंय."

"होता एक जण. आता नाही तो इथे. तपासा म्हटलं ना?"

मामांनी एकूण एक सांधा परत झाळला. भाजलेल्या बोटांचे फोड मामीला दाखवले नाहीत.

ठोके आलेच.

मग मामा हट्टाला पेटले. खिडकीत जस्ताचा पत्रा लावला. ठोके आले. तांब्याचा लावला. आले. शिशाचा जाड पत्रा मामा आणि कारभारी दोघांनी मिळून उचलून बसवला. त्यातून कानातला सूर असा गेला की काटा जागचा हलेना...

आणि ठोके आणखी स्पष्ट आले.

जितका पत्रा जाड, तितका ठोका स्वच्छ.

शेवटी एका दुपारी मामांनी बाहेरचं यंत्रच बंद करायला सांगितलं. मेन स्विचही काढला. आता शेडमध्ये लाट सोडणारं काही उरलं नव्हतं. दार लावून ते काळोखात बसले. रिसिव्हर तेवढा बॅटरीवर चालू.

ठक्. ठक्.

ठक्.

इतके दिवस मामा चुकीच्या बाजूला गळती शोधत होते. कुठलाच पत्रा ही लाट अडवत नव्हता, कारण ती बाहेरून आत येतच नव्हती.

ती आतच होती.

सहा बाय सहाच्या खोलीत. त्यांच्याबरोबर.

त्यांनी किती वेळा हातोडी मारली ते त्यांनाही आठवत नाही. दार उघडलं तेव्हा ते गुडघ्यांवर होते आणि शर्ट पाण्यातून काढल्यासारखा झाला होता.

त्या दिवशी साहेब स्वतः आत बसले. "बघू काय भानगड आहे," असं म्हणत, जरा चेष्टेतच. बूट काढून दाराबाहेर नीट ठेवले. मामांनी क्लॅम्प आवळले. पाच मिनिटंही झाली नसतील, आतून धडाधड ठोके सुरू झाले. तीन नाही, मोजता न येण्याइतके.

दार उघडलं. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी बूट उचलले आणि मोज्यांवरच टेबलापर्यंत गेले. पाणी प्यायले. मग म्हणाले,

"उन्हानं पत्रे तडतडतात."

"पण साहेब, नुसत्या कानाला काहीच येत नाही. हेडफोनात येतं."

"पत्रेच आहेत ते."

साहेबांचा आवाज जरा खाली आला. "हे बघा एलिया, दिल्लीची माणसं काट्याचे आकडे बघणार आहेत. काटा हलत नाही ना? झालं तर मग. कानाला काय ऐकू येतं ते कुणी विचारलेलं नाही. तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

व्हायचं होतं. कुणाला नसतं व्हायचं, त्या वर्षी?

पण मामांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन गेटावर कारभारीकडे गेले. म्हातारा लिंबाच्या सावलीत मिलोची भाकरी पाण्यात बुडवून खात होता. मामांनी सरळच विचारलं.

"बाबा, माझ्या आधी इथे कोण होतं?"

कारभारीचा घास हातातच राहिला.

"कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणीच नाही. म्हणून विचारतोय. हेडफोनात कुणीतरी ठोकतं. दोन लागोपाठ, मग एक मागून."

म्हाताऱ्यानं भाकरी खाली ठेवली. तो शेडकडे तोंड करून बसला.

"छगनचा ठोका तसाच हुता," तो म्हणाला. "तिसरा कायम मागनं यायचा. घाई न्हवती त्याला कशाचीच."

मग त्यानं सांगितलं. थांबत थांबत.

छगन सुप्याकडचा. डाख मारावा तर त्यानंच. आठवडाभर नगरात एका खोलीवर राहायचा आणि शनिवारी अर्ध्या दिवसानंतर एसटीनं घरी जायचा. जायच्या आधी खोलीचा प्रत्येक सांधा बघून जायची त्याची रीत होती. ती कशी? तर आत जायचं, दार ओढून घ्यायचं आणि काळोखात उभं राहायचं. सांध्याला सुईएवढं भोक असलं तरी तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. असा तो अंधारात ठिपके शोधत उभा राहायचा.

शिमगा होऊन गेला होता. ऊन चढलं होतं. शनिवारची दुपार.

"सायेब निगायच्या घाईत हुते," कारभारी म्हणाला. "जीप चालूच हुती. म्या शेडला कुलूप लावाया आलो. दार ओढल्यालं दिसलं. सायबांनी मला इचारलं, चपला हायत का रे? म्या बघितलं. न्हवत्या. म्हनलं, न्हाईत सायेब. त्यांनी दाराच्या चारी कळा आवळल्या. म्या कुलूप लावलं."

"मग छगनच्या चपला?"

कारभारीनं डोळे पुसले नाहीत. ते वाहू दिले.

"त्याची बायको, चांगुणा, दुष्काळी कामावर हुती खडीला. पायात काय न्हवतं तिच्या. जमीन ही अशी तापल्याली, वर खडीच्या कपऱ्या. आदल्या ऐतवारी यानं आपल्या चपला तिला दिल्या. म्हनला, मी तर सावलीत असतो, तू घाल. आठवडाभर अनवानी येत हुता बिचारा. आमच्या ध्यानात सुदिक आलं न्हाई."

मामांची नजर स्वतःच्या चपलांवर गेली.

"म्या ऐकलं हुतं, भाऊ," म्हातारा म्हणाला. "गेटावरनं. त्या दुपारी, ऐतवारी सकाळी बी. ठक् ठक्... ठक्. मला वाटलं उन्हानं पत्रे तडकत्यात. पत्र्याची शेड म्हनल्यावर वाजायचंच की वो."

सोमवारी दार उघडलं. पुढचं मी लिहीत नाही.

चौकशी झाली. नियमानं बघितलं तर चूक कुणाचीच नव्हती. साहेबांनी चपला आहेत का विचारलं होतं. कारभारीनं खाली बघितलं होतं. नियम मोडला होता तो मेलेल्यानं. आत जाताना त्यानं चपला बाहेर काढून ठेवल्या नव्हत्या. त्यामुळे त्याच्या बायकोला काही द्यायचा प्रश्नच उरला नाही. अनवाणी माणसानं काय काढून ठेवायचं, हा प्रश्न चौकशी करणाऱ्या कुणालाही पडला नाही. त्यांच्या पायात बूट होते.

मला हे लिहितानाही संताप येतो. मामांना तेव्हा किती आला असेल?

पण संतापानं सहा माणसांचं पोट भरत नाही. मामा संध्याकाळी घरी गेले, जेवले नाहीत, मामीला काही सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.

दिल्लीचे लोक आले. तिघे जण, डोक्यावर टोप्या, हातात रुमाल. भर दुपारची वेळ. मामांनी चपला काढल्या, दाराबाहेर सरळ मांडल्या, जरा जास्तच पुढे, सगळ्यांना दिसतील अशा. आत गेले. क्लॅम्प आवळले जाताना पितळी पट्टीची करकर झाली.

एक ठोका. बसलो.

आकडे उत्तम आले. एकामागून एक पत्रे बदलले गेले. काटा पाहिजे तिथे येऊन थांबत होता. कानात ठोके चालू होते, पण मामांनी त्यांच्याकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

काम संपलं. मामांनी भिंतीवर तीन ठोके दिले. दार उघडा.

दार उघडलं नाही.

त्यांनी परत दिले. घाम डोळ्यांत उतरत होता. हवा जड झाली होती.

दार उघडलं नाही...

मामा हातोडी मारायचे, थांबायचे. आणि ते थांबले की गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनातून बारीक आवाज यायचा. ठक्, ठक्... ठक्. ह्यांचे तीन. मग त्याचे तीन. ह्यांचे. त्याचे. दोघे एकाच भिंतीवर मारत असल्यासारखे.

मामा म्हणतात, त्या वेळी मला त्याची भीती वाटली नाही. पहिल्यांदाच वाटली नाही. भीती बाहेरच्यांची वाटली.

अखेर क्लॅम्प सुटले. एक, दुसरा, भराभर. दार कारभारीनं उघडलं होतं. साहेब मागे उभे होते आणि त्यांचा हात पुढे तसाच राहिला होता, कुणाला तरी अडवायला केल्यासारखा.

नंतर कारभारीनं सांगितलं. आतून ठोके आल्यावर पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, हे तीन ठोके कसले? साहेब हसून म्हणाले, उन्हानं पत्रे तडतडतात. परत ठोके आले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण ते तेच म्हणाले. दार उघडायला कुणी पुढे होईना. तेव्हा हा म्हातारा, ज्यानं सबंध जन्मात साहेबांना उलट उत्तर दिलं नव्हतं, ओरडला,

"सायेब, चपला हायत भाईर! मानूस हाय आत!"

आणि त्यानं स्वतःच क्लॅम्प सोडले.

साहेबांनी मुद्दाम केलं का? मामा म्हणतात, नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं, की हे ठोके जिवंत माणसाचे की दुसऱ्याचे. तोवर साहेबांना छगनचे ठोके हेडफोनाशिवायही ऐकू यायला लागले होते.

खोली पास झाली. तिघांनी हात मिळवले, थंड सरबत प्यायले, गेले. आठवड्याच्या आत मामांच्या हातात कायम झाल्याचा हुकूम पडला. घरी मामीनं गुळाचा शिरा केला. त्या वर्षी गूळ कुठून आणला होता कुणास ठाऊक.

मामांना तो शिरा गोड लागला नाही.

रविवारी चर्चला न जाता त्यांनी सुप्याची एसटी धरली. उतरून विचारत विचारत माळ तुडवला. पाझर तलावाचं काम चालू होतं. शेकडो माणसं, धूळ, घणांचा आवाज. एका ओळीच्या टोकाला चांगुणा बसली होती. वय पंचविशीचं असेल, दिसत होती चाळिशीची. पायांत पुरुषी चपला. मोठ्या होत होत्या म्हणून तिनं सुतळीनं पावलाला बांधल्या होत्या.

मामांनी ओळख दिली. तिनं घण खाली ठेवला नाही.

"तुमी त्यांच्या जागंवर आलात व्हय?"

"हो."

"बरं झालं. कुनाचं तरी घर चालतंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतात.

मामा सांत्वन करायला आले होते, की आपल्या छातीवरचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी सगळंच सांगून टाकलं. हेडफोन, ठोके, तो मागून येणारा तिसरा.

तिसऱ्या ठोक्याचं ऐकून तिचा घण थांबला.

"त्यांचाच," ती म्हणाली. "घराच्या दारावर बी तसंच वाजवायचे." मग तिनं विचारलं, "तीन ठोकं म्हंजी काय?"

मामांनी खाली बघत सांगितलं, "दार उघडा."

"मग तुमी उघडता?"

"उघडतो. रोज उघडतो बाई. शपथेवर सांगतो. ठोके आले की मी लगेच बाहेर खूण करतो, दार उघडायला लावतो."

"उघडल्यावर थांबत्यात?"

"थांबतात. लगेच थांबतात."

तिनं पावलावरची सैल झालेली सुतळी आवळली. मामांना वाटलं, हिला बरं वाटलं असेल. निदान तिच्या माणसासाठी कुणीतरी दार उघडतंय.

मग तिनं मान वर केली.

"मग परत बंद का करता?"

मामांचा हात वरच्या खिशाकडे गेला.

काय सांगणार? खोली बंद करायसाठीच बांधलीय म्हणून? त्याच कामाचा पगार मिळतो म्हणून? वरच्या खिशात कायम झाल्याचा हुकूम होता. मामीला वाचून दाखवल्यापासून तो तिथेच राहिला होता.

चांगुणानं उत्तराची वाट बघितली. खरंच बघितली. मग घण उचलला आणि पुढचा दगड ओढला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मामा कामावर गेले. चपला काढल्या. आत बसले. कारभारीनं क्लॅम्प आवळले.

ठोके आले. मामांनी लगेच तीनदा हातोडी मारली. दार उघडलं. उजेड आत आला, वारा आला, बाहेर कारभारी उभा दिसला.

मामांनी हेडफोन कानाला लावला...

ठक्. ठक्.

ठक्.

दार सताड उघडं होतं.

मामा उठून बाहेर आले. हेडफोनची लांब वायर ताणत शेडच्या दारापर्यंत आले, उन्हात उभे राहिले. समोर मोकळा माळ, वर मोकळं आभाळ. ठोके चालूच होते.

त्या दिवसापासून ते थांबले नाहीत. दार उघडा, नाहीतर लावा.

मामांनी ती नोकरी केली. बहिणींची लग्नं केली, मुलं शिकवली, म्हाताऱ्यांना पोसलं. पुढे ती खोली मोडली, पत्रे भंगारात गेले, तासगावकर साहेब गेले, कारभारी तर केव्हाच गेला होता. चांगुणाचं काय झालं ते मामांनी कधी विचारलं नाही. मीही त्यांना विचारलेलं नाही.

आता मामा ऐंशीच्या पुढे आहेत. नगरलाच असतात. कानाला फारसं ऐकू येत नाही, ओरडून बोलावं लागतं. गेल्या वर्षी मी हौसेनं त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं, चांगलं महागातलं. डॉक्टरांनी स्वतः बसवून दिलं. मामांनी ते जेमतेम मिनिटभर ठेवलं असेल.

मग हळूच काढलं, डबीत घातलं आणि डबी माझ्या हातात परत दिली.

मी ओरडून विचारलं, "काय झालं मामा? आवाज नीट येत नाही का?"

ते बंद दाराकडे बघत होते.

"येतो रे," म्हणाले. "स्वच्छ येतो."